वेळ सांगणाऱ्याचे चलान

रविवार, रात्री साडेनऊ

आज दुपारी वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलचे दोन हजार रुपये भरून टाकले. चलान येऊन बारा दिवस झाले होते. या बारा दिवसांत मोबाइलवरचे ते छायाचित्र मी इतक्या वेळा मोठे करून पाहिले की बंपरला बांधलेल्या मिरच्यासुद्धा मोजून झाल्या. गाडी आमचीच होती, क्रमांक आमचाच होता, आणि वेगाच्या रकान्यात ८० च्या मर्यादेसमोर १०३ हा आकडा होता.

शुक्रवारी आम्ही उभयता तुळजापूरला दर्शनाला निघालो होतो. सोलापूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, चौपदरी रस्ता, सकाळची वेळ, घाईचे काहीही कारण नाही. कोजागरीला याच रस्त्याने हजारो माणसे रात्रभर चालत तुळजापूरला जातात आणि त्यांच्यासाठी वाहनांची वाट बंद ठेवली जाते; वडिलांचे बोट धरून मीही एकदा तसा गेलो आहे. त्या रस्त्यावर मी १०३ ने का जात होतो, याचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की मला ते कळलेच नाही. रस्ता गुळगुळीत होता, गाडी नवी आहे, काचा बंद होत्या. मंगळवारी संदेश आला तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो असा: "अहो, पण आपल्याला पोचायची घाई कुठे होती?" त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी पोलिसांवर बोललो.

त्या दिवशी मी काय काय बोललो ते लिहून ठेवले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथे आहे. यंत्र पुलाच्या आडोशाला लावले असणार, म्हणजे हा सापळा झाला. मर्यादेचा फलक वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकामागे दडला असणार. माझ्या पुढे गेलेली जीप नक्कीच १२० ने गेली होती, तिला सोडून मला का पकडले. मित्राने सल्ला दिला की दंड भरू नकोस, लोकअदालतीची वाट बघ, तिथे तडजोडीत काहीतरी कमी होते. दुसऱ्याने तक्रार नोंदवण्याची सोय दाखवली. मला दोन्ही सल्ले पटले. दोन हजार रुपये माझ्या खिशाला जड नव्हते, परंतु आपण नियम मोडणाऱ्यांपैकी आहोत हे मान्य करणे जड जात होते.

मागच्या रविवारी मी फलक पाहण्यासाठी मुद्दाम पुन्हा त्या जागी गेलो. शुभेच्छांचा फलक होता खरा, पण तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. ८० चा गोल फलक डाव्या हाताला, लांबूनही दिसेल असा उभा होता आणि त्याच्या थोडे अलीकडे वेगावर यंत्राची नजर असल्याची पाटीही होती. थोडे पुढे दुभाजक मोडतो. तिथून शेजारच्या गावचे ट्रॅक्टर वळतात, आणि हंगामात उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या मागे ओढत वळतात, ज्यांना रात्री मागचा दिवा असला तर नशीब. मर्यादा तिथे का आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी दहा मिनिटे गाडीत बसून राहिलो आणि परत आलो.

तरीही तक्रार नोंदवायचा विचार सुटला नाही, आणि त्यासाठीच या आठवड्यात रोज रात्री कायदा वाचत बसलो. वाटले, तांत्रिक पळवाट तरी सापडेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली १६७अ हा नियम आला. त्याच्या तेव्हाच्या मजकुरानुसार यंत्राने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवली जायला हवी, सूचनेत स्पष्ट छायाचित्र आणि यंत्राने मोजलेला आकडा हवा, यंत्राला प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण हवे, शिवाय अशा टप्प्यावर पूर्वसूचनेची पाटी हवी. सूचना मला चौथ्या दिवशी मिळाली होती, छायाचित्र स्पष्ट होते, पाटी मी स्वतः पाहून आलो होतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८३ मध्ये तर आणखी एक चांगली तरतूद निघाली: गाडी फार जोरात होती असे एका साक्षीदाराला वाटले, एवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही, त्या अंदाजाला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाचा आधार लागतो. ज्या यंत्राला मी सापळा म्हणत होतो ते कायद्याच्या दृष्टीने माझ्याच रक्षणासाठी होते. ते नसते तर हवालदाराच्या डोळ्यांवर विसंबावे लागले असते, आणि मग आमच्याकडे तडजोड कशी होते हे काय सांगायचे.

या कलमाचे पुढचे पोटकलम वाचले आणि हातातला चहा तसाच राहिला. प्रवास ठरावीक वेळेत पुरा करावा असे वेळापत्रक कुणी प्रसिद्ध केले, किंवा तशी सूचना कुणी दिली, आणि वेगमर्यादा न मोडता त्या वेळेत पोचणे शक्य नव्हते असे न्यायालयाला वाटले, तर ती सूचनाच सूचना देणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरते. गाडी चालवणारा आणि आपल्या नोकराला तशी चालवायला लावणारा, या दोघांनाही हे कलम एकाच दंडाला पात्र धरते. वेळेच्या सूचनेची ही तरतूद १९८८ पासून अधिनियमात आहे. पंचवीस वर्षे माझ्या नावावर गाड्या आहेत आणि मला ती माहीत नव्हती.

मला आठवला तो दोन महिन्यांपूर्वीचा टेम्पो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि माल पोचवायला एक टेम्पो आहे. त्यावर अकरा वर्षांपासून एकच चालक आहेत. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे असल्यामुळे आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्या दिवशी पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या गोदामात माल अकराच्या आत उतरवायचा होता. आदल्या रात्री वीज गेल्यामुळे शिलाई मागे पडली, गाठी बांधायला उशीर झाला आणि सहाला निघायचा टेम्पो सात चाळीसला निघाला. व्यापाऱ्याला फोन करून तासभर उशीर होईल असे सांगणे हे माझे काम होते. मी ते केले नाही, कारण मागच्या खेपेलाही उशीर झाला होता आणि पुन्हा तोंड वेंगाडायची मला लाज वाटत होती. मी मामांना एवढेच म्हणालो, "मामा, काहीही करा, अकराच्या आत पोचा."

त्यानंतर काही दिवसांनी टेम्पोचे चलान माझ्या मोबाइलवर आले, कारण गाडी माझ्या नावावर आहे. इंदापूर आणि भिगवणच्या दरम्यान, सकाळी नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटे, मर्यादा ८०, वेग ९४, दंड दोन हजार. मी तो भरला आणि हिशेबनिसाला सांगितले की मामांच्या पगारातून कापून घ्या. मामा काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ त्यांना चूक कबूल आहे असा लावला, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन शिस्तीवर चार वाक्येही ऐकवली होती.

परवा रात्री मी त्या प्रवासाचा हिशेब मांडला. कारखान्यापासून शहर ओलांडून, बाळे या उपनगराच्या पुढे पुण्याच्या रस्त्याला लागायला निदान अर्धा तास, म्हणजे आठ दहा. तिथून लोणी काळभोर सव्वादोनशेच्या आत-बाहेर, कमीत कमी दोनशे पंधरा किलोमीटर धरू. हातात उरली एकशे सत्तर मिनिटे. त्याची सरासरी ताशी ७६ किलोमीटर येते, आणि मालवाहू गाडीला चौपदरी रस्त्यावरही ८० च्या वर जायची परवानगी नाही. त्यात सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस अशा टोलनाक्यांवरच्या रांगा, मोहोळ-टेंभुर्णीच्या आसपास मध्येच रस्ता ओलांडणारी माणसे, आणि चोपन्न वर्षांच्या माणसाला लघवीला किंवा चहाला दोनदा तरी थांबावे लागणे. टेम्पो कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच मी त्यांना नियम मोडायला लावले होते. त्यांनी फक्त जागा निवडली.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मोबाइलमध्ये जुने फोन तपासले. त्या सकाळी मी मामांना तीनदा फोन केला होता आणि दुसरा फोन नऊ एक्केचाळीसला होता. म्हणजे "मामा, कुठवर आलाव?" असे मी विचारले, ते "इंदापूर सोडलंय मालक, येऊलालोय" असे म्हणाले, आणि बरोबर पाच मिनिटांनी यंत्राने त्यांना ९४ वर टिपले. गाडी चालवताना त्यांनी फोन उचलला हा वेगळा गुन्हा, आणि तोही माझ्यामुळेच. तो यंत्राला दिसला नाही एवढेच.

मी त्यांना सरसकट निर्दोष ठरवत नाही. पाय त्यांचा होता, आणि समोर कुणी आले असते तर मालकाने सांगितले होते म्हणून गाडी लवकर थांबली नसती. माझ्याच गाडीचे गणित करून पाहिले: कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि भान यायला दीड सेकंद धरला तर ८० च्या वेगातली मोटार साधारण सत्तर मीटरमध्ये उभी राहते, १०३ च्या वेगातलीला शंभर मीटर लागतात; आणि पहिली जिथे थांबलेली असते तिथून दुसरी अजून सत्तरच्या वर वेगाने जात असते. हा आकडा कळल्यावर पुढे गेलेल्या जीपविषयीची माझी तक्रार मला स्वतःलाच पोरकट वाटली. तिला पकडले नाही ही चूक असेल, पण त्यामुळे माझे शंभर मीटर कमी होत नाहीत.

न्यायाचा प्रश्न मला अजून छळतो तो दुसऱ्या ठिकाणी. मामांचा पगार महिन्याला सोळा हजार आहे. त्यातून दोन हजार गेले म्हणजे आठवा हिस्सा गेला, जवळजवळ चार दिवसांची मजुरी. मला तेच दोन हजार म्हणजे पाहुणे आल्यावर बाहेर एकदा जेवायला नेण्याचा खर्च. फिनलंडमध्ये मोठ्या वेगाचा दंड माणसाच्या उत्पन्नाच्या मानाने ठरवतात. आपल्याकडे हलक्या वाहनाला कायद्याने एक ते दोन हजारांची चौकट आहे, मग चालवणारा कारखानदार असो की त्याचा चालक. कागदावर दोघांना सारखाच न्याय. प्रत्यक्षात मी दंड भरून विसरून गेलो असतो, आणि मामांनी त्या महिन्यात कुठले बिल मागे ठेवले हे मी विचारलेही नाही. चलान गाडीच्या मालकाच्या नावाने येते याबद्दल आमच्या वसाहतीतले कारखानदार नेहमी कुरकुर करतात. मीही करत असे. आता वाटते, टेम्पोच्या बाबतीत तरी यंत्राने पत्ता बरोबर शोधला होता, तो बदलून पुढे पाठवला तो मी.

काल संध्याकाळी मामांना ऑफिसात बोलावून दोन हजार रुपये पुढे केले आणि कशाचे ते सांगितले. ते घेईनात. "मालक, पाय माझाच होता की," म्हणाले. मी कलम समजावून सांगू लागलो, तर त्यांनी मान हलवली, पैसे घेऊन न मोजता खिशात ठेवले आणि दारापर्यंत जाऊन वळले. "एक सांगू का? त्या दिवशी अकराला दहा कमी असताना पोचलो. गोदामाचं फाटक साडेबाराला उघडलं. किल्लीवाला आलाच नव्हता." मी विचारले, तेव्हाच का सांगितले नाही. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही पोचलो का एवढंच विचारलं."

उद्या पहाटे पुन्हा त्याच गोदामाचा माल निघायचा आहे. संध्याकाळी कारखान्यातून निघालो तेव्हा शिलाईवाले दोन गाठी मागे होते, म्हणजे सहाला टेम्पो काही निघत नाही. व्यापारी दहापर्यंत जागा असतो. फोन समोर ठेवूनच हे लिहीत बसलो आहे, आणि अजून लावलेला नाही.