धामणगाव ते स्ट्रासबूर्ग : लाल कोर्टावरचं महिला टेनिस पाहायला जाताना

फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गची महिला टेनिस स्पर्धा १९८७ पासून भरते, २०२४ पासून तिला डब्ल्यूटीए ५०० चा, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिसमधल्या एका वरच्या श्रेणीचा, दर्जा आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात, फ्रेंच ओपनच्या ऐन तोंडावर ती होते. कपाशीवाल्यांना ही वेळ सोयीची : उलंगवाडी आटोपलेली असते आणि ७ जूनच्या मृगाआधी घरी परतता येतं.

खरी परीक्षा व्हिसाची. शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फेब्रुवारीत उरकून टाका. फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. शेतकऱ्याचं घोडं अडतं उत्पन्नाच्या पुराव्यापाशी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्र भरलेलंच नसतं. शून्य कराचं का होईना, ते भरून ठेवा. सातबारा, आठ-अ आणि बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडा. अर्जाच्या तोंडावर खात्यात आलेली मोठी रक्कम संशयास्पद दिसते. ती कापसाची असेल तर पट्टी सोबत हवीच. बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावं लागतं. आम्ही मुंबईचं केंद्र घेतलं.

धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसनं दादर, पुढे टॅक्सी. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळातच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून स्ट्रासबूर्गला थेट टीजीव्ही (वेगवान रेल्वेगाड्या) सुटतात, त्यामुळे पॅरिस शहरात शिरायचं कारण नाही. मात्र थेट गाड्या मोजक्या. विमान उतरल्यानंतर किमान तीन तासांनी सुटणारी धरा, पासपोर्टची रांग लांबते. स्ट्रासबूर्ग स्टेशनवरून ए किंवा डी ट्रामनं ऑम द फेर, तिथे बी पकडून स्पर्धेसाठीचा थांबा, वाकेन. तिकीट फलाटावरच्या यंत्रात आधी छापून घ्यायचं, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड.

कोणत्या दिवसाचं तिकीट? अंतिम सामना शनिवारी, आणि लगेच रविवारी फ्रेंच ओपन सुरू. त्यामुळे पाय जरा दुखला तरी मोठी खेळाडू माघार घेते. २०२४ ला मॅडिसन कीज आणि २०२५ ला एलेना रिबाकिना जिंकली, म्हणजे शेवट फिका असतो असं नाही. पण एकच दिवस परवडत असेल तर मंगळवार-बुधवार घ्या. बाय मिळालेल्या (पहिली फेरी न खेळता पुढे गेलेल्या) मानांकित खेळाडू साधारण तेव्हा उतरतात आणि बाजूच्या कोर्टांवर दुहेरी अगदी जवळून दिसते.

गावाकडे असं विटांच्या चुऱ्याचं लाल कोर्ट करायचा विचार असेल तर सामन्याइतकंच देखभालीकडे बघा. सेट संपला की कामगार जाळी ओढून चुरा सारखा करतात, रेषा झाडतात, कोरडं पडलं की पाणी मारतात. फ्रेंच ओपनच्या कोर्टांवर विटांचा चुरा जेमतेम एक-दोन मिलिमीटर असतो. खाली सहा-सात सेंटिमीटर चुनखडीचा चुरा, त्याखाली कोळशाची जळकी खडी, मग गिट्टी. पाणी धरून ठेवतो तो चुनखडीचा थर. आपली काळी माती फुगते आणि भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट थर देऊ नका, खोदून काढा. बुरबुर पावसात खेळ चालू राहतो, जोर वाढला की आच्छादन घालतात. तेवढ्यात जागा सोडू नका.

पंचेचाळीस अंशांतून आलेल्याला तिथली सकाळची दहा-बारा अंशांची थंडी बोचते, स्वेटर हवाच. शाकाहारींनी फ्लामकुश (पिझ्झासारखी तिथली पातळ रोटी) मागवताना ‘सां लार्दों’ (डुकराच्या मांसाशिवाय) म्हणावं, एरवी त्यावर डुकराचं मांस येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद. किराणा शनिवारीच भरा.