बीपीची गोळी, नाचणीची भाकरी आणि खारा बांगडा

अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ आहे, एवढं कानावर पडलं की काही मंडळी दूध आणि नाचणी बंद करतात. तसं करू नका. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत शिरणारं कॅल्शियम अडवते, ताटातलं नाही.

उलट आहारात कॅल्शियम सतत कमी पडलं, तर पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) वाढतं, त्या पेशींत कॅल्शियम जास्त शिरतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. कमतरता भरून काढली की वरचा आकडा उतरतो, पण एक-दोन अंकांनीच. त्यामुळे औषध सोडून भाकरीवर भिस्त ठेवू नये.

प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ४० ग्रॅम पिठाची एक, अशा दोन भाकऱ्यांत २८०. पेलाभर (२०० मिली) दुधात २४०. चमचाभर (१० ग्रॅम) तीळ सालासकट भाजून चटणीत घातले तर सव्वाशेच्या आसपास. शेवग्याचा पाला गोकुळाष्टमीपुरताच का करायचा? पन्नास ग्रॅम पाल्यात दीडशे मिलिग्रॅम मिळतं. आणि रोजच्या जेवणात वाटीभर दही किंवा ताक हवंच.

फसगत होते ती अशी. नाचणीचं सत्त्व काढताना साल गाळून टाकतो. कॅल्शियम बरंचसं त्या सालातच असतं. सोलकढी पांढरी-गुलाबी दिसली तरी नारळाच्या दुधात कॅल्शियम नगण्य. अळूतलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. माशातलं कॅल्शियम मुख्यतः काट्यांत; सुरमईचे काटे आपण टाकतो, कुरकुरीत मांदेली मात्र काट्यासकट पोटात जाते, जवळाही अख्खा.

खरा घात मिठाचा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. जादा सोडियम दाब वाढवतंच, शिवाय लघवीवाटे कॅल्शियमही घेऊन जातं. खारा बांगडा करायचाच तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला, कालवणात वरून मीठ घालू नका. त्या जेवणात पापड-लोणचंही नको.

क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड (बीपीसाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या) चालू असेल, किडनीचा विकार असेल, तर कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम रोखतात; त्यात गोळ्यांची भर पडली तर रक्तातलं प्रमाण वाढून तहान, बद्धकोष्ठता, गळाठा सुरू होतो. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तिच्यात आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा.