गच्चीची गळती: पाणी शिरतं कुठून, ते शोधताना

आमच्या साताऱ्याच्या घरात वरच्या खोलीला ओल यायची ती पंख्याच्या आजूबाजूला, भिंतीपासून चांगली पाच-सहा फूट लांब. आधी पिवळट डाग, मग रंगाचे पोपडे, आणि एका जुलैत पंख्याच्या डब्यातून चक्क थेंब. त्या खोलीच्या विजेचा एमसीबी खाली पाडला, पलंग बाहेर काढला आणि पाऊस उलटायची वाट बघितली.

दिवाळीनंतर कामं घेणारे तिघे येऊन गेले. एक म्हणाला, सगळा कोबा, म्हणजे गच्चीवरचा जुना सिमेंटी थर, फोडून नवा घालू. दुसऱ्याने गच्चीभर डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे डांबराची चादर, सुचवलं. तिसऱ्याने खाली अंगणात उभ्याउभ्याच चौरस फुटाचा भाव सांगितला, वर यायचे कष्टही घेतले नाहीत. तिघांच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण एकानेही गच्चीवर बादलीभर पाणी ओतून पाहिलं नाही, हे मला खटकलं. म्हटलं, आधी पाणी कुठून शिरतंय ते तर कळू दे, पैसे कोणाला द्यायचे ते नंतर बघू. शेवटी काम घरच्या घरीच झालं. बराचसा वेळ गेला तो शोधण्यात. वॉटरप्रूफिंग म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे ब्रशने लावणं येतं, ते सगळ्यात सोपं निघालं.

सोसायटीत राहणाऱ्यांनी मात्र हा उद्योग अंगावर घेऊ नये. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान, दोन्हीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आमचं घर स्वतंत्र, त्यामुळे अर्ज करायला कोणी नव्हतं.

पहिला प्रश्न असा, की ओल पावसाची आहे की नळाची? आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, सोलर आहे, त्यांचे पाइप आहेत. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. कोरड्या महिन्यांत डाग रेघ ओलांडत असेल तर टाकी किंवा पाइप बघायचे, आणि जागच्या जागी सुकत असेल तर पाऊस. आमचा डाग जानेवारीपर्यंत आक्रसत गेला. टाकी संशयातून सुटली.

मग गच्चीवर गेले. जुन्या घरांच्या स्लॅबवर कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे अंथरून वर सिमेंटचा थर घोटलेला, चार-एक इंच जाडीचा. या कोब्यात वरून एका ठिकाणी पाणी शिरलं की विटांचे तुकडे स्पंजासारखे ते धरून ठेवतात, आणि ते खालच्या खाली स्लॅबच्या उताराने सरकत जातं. स्लॅबमधून विजेच्या वायरींचे पाइप गेलेले असतात. पाण्याला तो पाइप सापडला की ते सरळ पंख्याच्या डब्यात उतरतं. म्हणजे पंख्यापाशी गळतंय यावरून पंख्याच्या वरचा कोबा फुटलाय असं काहीच सिद्ध होत नाही. नेमका तोच भाग फोडायचा सल्ला मला मिळाला होता.

हातोडीच्या दांड्याने सगळी गच्ची ठोकून पाहिली. घट्ट जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागांना खडूने गोल केले. मग पाणी सोडून, तासाभराने जिथे तळी साचून राहिली त्यांच्याही कडा खडूने आखल्या. एवढ्यानेच गच्चीचा निम्मा नकाशा तयार होतो.

खरी परीक्षा पाणी भरून. पावसाळी पाइपाच्या तोंडात वाळूची पिशवी कोंबली आणि मातीचे बोटभर उंच बांध घालून गच्चीचे भाग पाडले. एका वेळी एकच भाग भरायचा, नाहीतर खाली ओल दिसली तरी ती कुठल्या भागाची हे कळत नाही. इंच-दीड इंच पाणी पुरतं. 100 चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे साधारण 235 लिटर, म्हणजे तेवढेच किलो वजन, तेव्हा जुन्या स्लॅबवर उगाच हौद करू नये. पाणी उन्हानेही उडतं, मग गळलं किती आणि उडालं किती हे ओळखायचं कसं? त्यासाठी शेजारी एक पसरट प्लास्टिकचा टब तेवढ्याच पाण्याने भरून ठेवला आणि दोन्हीकडे पातळीच्या खुणा केल्या. पहिल्या दिवशी कोबा स्वतःच पाणी पितो, तो दिवस सोडून द्यायचा. त्यानंतर टबातलं आणि गच्चीवरचं पाणी सारखंच उतरलं तर तो भाग ठीक. गच्चीवरचं जास्त उतरलं तर तिथे वाट आहे.

मधला भाग, म्हणजे पंख्याच्या बरोबर वरचा, एकदम निर्दोष निघाला. पाणी जात होतं ते पावसाळी पाइपाच्या कोपऱ्यातून. टबापेक्षा तिथली पातळी कितीतरी खाली गेली, आणि पुढे खोलीतल्या पेन्सिलीच्या रेघेबाहेर ओल आली.

तो कोपरा मग गुडघ्यावर बसून पाहिला. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटचा तिरका उतार केलेला असतो, त्याला गवंडी वाटा म्हणतात. आमचा वाटा लांबून अखंड दिसत होता, पण कठड्यापासून सुटला होता. लग्नपत्रिकेचा जाड कोपरा फटीत घातला तर अर्धाअधिक आत गेला. पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवतीही अशीच फट. पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत, उन्हाने पाइप फुगतो-आकसतो आणि कडेने रेघ सुटते. शिवाय सोलरच्या स्टँडचे बोल्ट. बसवणाऱ्याने कोब्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकले होते आणि भोवती काहीही भरलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला राहणारे जुने मिस्त्री पाहायला आले. "वरनं नुस्ता रंग मारून काय व्हायचं न्हाई ताई, वाटा सुटलाय बगा," एवढं बोलून त्यांनी थापीच्या टोकाने वाट्याचा एक तुकडा उचकटून हातात दिला. त्याच्या खालच्या बाजूला मुळांचं जाळं होतं आणि माती ओली होती. महिने कोरडे गेले तरी ओली! वाटा घालायचं मी त्यांच्याकडूनच शिकले.

दुरुस्तीला सुरुवात साफसफाईने. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं, ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकलं आणि भरपूर पाण्याने धुतलं. एक सांगते: ब्लीचिंग पावडर आणि संडास-फरशीचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. सुटलेला वाटा छन्नीने पूर्ण काढला. भेगा दिसतात तेवढ्याच वरवर बुजवल्या तर पुन्हा उघडतात, म्हणून त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, सेंटिमीटरभर खोल उकरल्या आणि धूळ ब्रशने काढून टाकली. धूळ राहिली तर वरचं सगळं धुळीलाच चिकटतं.

जुन्या सिमेंटला नवं सिमेंट नुसतं धरत नाही. मध्ये एसबीआर लॅटेक्स लागतं. हार्डवेअरच्या दुकानात पांढऱ्या दुधासारखं मिळतं. जागा ओली करून त्यावर लॅटेक्स आणि सिमेंटची पातळ खीर ब्रशने लावायची आणि ती सुकायच्या आत वर मसाला भरायचा. मसाला म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू, पाण्यात लॅटेक्स. वाटा साधारण दोन इंचांचा, तिरका, ओल्या बोटांनी नव्हे, थापीने दाबून. ओलं सिमेंट हाताची कातडी खातं, रबरी मोजे घालाच. पाइपाच्या तोंडाभोवती आणि बोल्टांभोवती मात्र सिमेंट नको, तिथे पॉलियुरेथेन सीलंट भरलं. ते रबरासारखं ताणतं, पाइप हलला तरी सुटत नाही. वाट्यावर ओलं गोणपाट टाकून सिमेंटला पाणी पाजलं आणि मग पूर्ण सुकू दिलं.

आता लेपाची गोष्ट. दुकानदार तीन प्रकार दाखवतो. डांबरी मेम्ब्रेन गॅसच्या ज्वाळेने चिकटवतात, ते घरच्या माणसाचं काम नाही. दोन भागांचं सिमेंटी कोटिंग, म्हणजे पावडर आणि द्रव, ओलसर जागेवरही चालतं, पण कालवलं की थोड्याच वेळात घट्ट होतं, म्हणून बेताबेताने कालवावं लागतं. बाथरूमला फरशीखाली ते उत्तम. उघड्या गच्चीसाठी मी तयार ॲक्रिलिक लेप घेतला. ऊन सोसतो, लवचिक असतो, पांढरा घेतला तर खोलीही थोडी थंड राहते. मात्र याला जागा खडखडीत कोरडी लागते आणि सतत साचलेलं पाणी मानवत नाही. म्हणून खडूने आखलेली तळी आधी लॅटेक्सच्या मसाल्याने भरून उताराला लावली.

डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं. जुना कोबा त्याहून बराच जास्त पितो, हिशेब त्या बेताने करा. पहिला हात पाणी घालून पातळ, पुढचे न पातळ करता. एक हात उभा तर पुढचा आडवा. वाट्यावर आणि भेगांवर पहिला जाड हात ओला असतानाच फायबरची जाळी दाबून बसवायची आणि वरून पुन्हा लेप. कठड्यावरही फूटभर वर चढवायचा. भर दुपारी लावू नका, तापलेल्या गच्चीवर वरची साय लगेच धरते आणि आत ओलं राहून फुगे येतात. मी सकाळी दहाच्या आत आणि ऊन कलल्यावर लावायचे.

हे सगळं मार्चमध्ये उरकावं. मे महिन्यात कधीही वळीव येतो, आणि मान्सूनच्या तारखांवर विसंबण्यात अर्थ नाही. मुंबईची सर्वसाधारण तारीख 11 जून, पण 2025 साली तो 26 मेलाच मुंबईत दाखल झाला होता.

लेप पुरता सुकल्यावर त्याच कोपऱ्यात पुन्हा पाणी भरलं. टब आणि गच्ची बरोबरीने उतरले.

छताला रंग लावायची घाई मी केली नाही, घरच्यांनी कितीही टोकलं तरी. कोब्यात अडकलेलं पाणी वरचा मार्ग बंद झाल्यावर खालीच सुकत येतं. पोपडे आणि सुटलेला गिलावा काढला, वर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडला. तो पाण्याने पुसला तर विरघळून पुन्हा आत जातो. पावसाळा मध्ये जाऊ दिला, त्यात रेघेबाहेर काही आलं नाही, मग लांबी (पुट्टी), प्रायमर आणि रंग. पंख्याचा डबा वायरमनने उघडून, गंजलेली जोडणी बदलून दिली. ते मी हातात घेतलं नाही.

आणि गिलावा काढताना आत गंजलेली सळई दिसली असती, किंवा सळईच्या रेषेत तांबूस ओघळ, तर तिथेच थांबले असते. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडत जातं, त्यावर घरगुती इलाज नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

धाकटे दीर अजून म्हणतात, वरून पत्र्याची शेड मारून टाक. शेडला नगरपालिकेची परवानगी, लोखंडाचा खर्च आणि पुन्हा कठड्यात बोल्ट. बोल्टांचं काय होतं ते मी पाहिलंय. त्यापेक्षा दर एप्रिलमध्ये वाट्यावरून हात फिरवते आणि पाइपाच्या तोंडातला पाला काढते. दोन-चार वर्षांनी लेपाचा आणखी एक हात लागेल, तेव्हा जाळीचे रोल मात्र जास्त आणायचे आहेत. या वेळी कठड्याची एक बाजू तुकडे जोडून भागवली.