लाल तीन, पांढरी एक

लोडरला, म्हणजे स्पर्धेत बारवर वजनं चढवणाऱ्याला, टाळी वाजवायची मुभा नसते. दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारातल्या वेटलिफ्टिंगच्या सभागृहात आम्हाला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वजन लावा, प्लेटा जागेवर धरणारी कॉलर आवळा, बार पुसा, जागेवर येऊन बसा. कुणाची लिफ्ट झाली, कुणाची पडली, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये.

ऑक्टोबर 2010. राष्ट्रकुल स्पर्धा. मी कुरुंदवाडचा. गुडघा गेला आणि माझं स्वतःचं उचलणं राज्य स्पर्धेपाशीच थांबलं, पण प्लॅटफॉर्मपासून चार पावलांवर बसायला मिळतंय म्हटल्यावर मी कसलाही विचार न करता दिल्लीची गाडी धरली.

काम हिशेबाचं असतं. बार 20 किलोचा, दोन कॉलर मिळून 5. समजा 185 पुकारले, तर उरले 160, म्हणजे एका बाजूला 80. लाल तीन, पांढरी एक. लाल प्लेट 25 ची, निळी 20, पिवळी 15, हिरवी 10, पांढरी 5. हे डोक्यात इतकं बसतं की रात्री झोपेतसुद्धा रंगच दिसतात. आणि बारवरचं वजन एकदा वर गेलं की ती फेरी संपेपर्यंत खाली येत नाही. ज्याला सगळ्यांत जड उचलायचंय त्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

77 किलो वजनगटाच्या दिवशी मी वॉर्मअपच्या खोलीत प्लेटा लावून ठेवत होतो. तिथं एक वयस्कर गृहस्थ एकटेच बाकावर बसले होते. जॅकेटवर नाउरू लिहिलेलं. हे नाव मी पदकांच्या याद्यांत वाचलं होतं, पण हा देश नकाशावर कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. मी धीर करून माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, सर, तुमचा देश कुठं आला?

त्यांनी पकडीसाठी हाताला लावायच्या पांढऱ्या मॅग्नेशियम पावडरीच्या भांड्यात बोट बुडवलं आणि काळ्या रबरी मॅटवर एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या खाली, अगदी खेटून, एक तारा काढला. म्हणाले, ही रेघ म्हणजे विषुववृत्त आणि हे आम्ही. त्यांच्या झेंड्यावर हेच आहे. निळा समुद्र, पिवळी रेघ, पांढरा तारा. ताऱ्याची टोकं बारा, कारण जमाती बारा.

क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर. माणसं दहा हजारांच्या आसपास. मी म्हणालो, माझं गाव वीस हजारांवर आहे. ते मनापासून हसले आणि म्हणाले, म्हणजे तुमच्या गावात दोन नाउरू मावतील.

ते वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशेजारचं आमचं गाव, पलीकडे नृसिंहवाडी. पुढं चारच वर्षांनी, 2014 मध्ये, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच गावच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी तीन कांस्यपदकं आणली. पण 2010 साली तसं काही घडलेलं नव्हतं. गाव लहान आहे, सोयी नाहीत, आपल्याला कोण विचारतो, हे रडगाणं आम्ही सगळेच गात होतो, मीसुद्धा.

नाउरूच्या मधल्या भागातलं फॉस्फेट खणून खणून नेलं. त्याचं खत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांत पडलं. बेटाच्या पोटात उरले ते प्रवाळ दगडाचे उघडे सुळके. वस्ती किनाऱ्याच्या पट्टीवर. ते सगळं ऐकताना मला आमची तालीम दिसत होती. मोठं मैदान नसलं तरी बारचं अडत नाही. चार मीटर लांब, चार मीटर रुंद जागा मिळाली की भागलं. या बेटानं वेटलिफ्टिंग का धरलं असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग त्यांनी सांगितलं की त्यांचे राष्ट्राध्यक्षच वेटलिफ्टर आहेत. मला वाटलं माझ्या इंग्रजीचा घोळ झाला. मी पुन्हा विचारलं. खरंच होतं. मार्कस स्टीफन. 1990 साली ऑकलंडला राष्ट्रकुल सुवर्ण, आणि पुढच्या स्पर्धा धरून एकूण सात. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकला मात्र ते सामोआकडून उतरले, कारण तोवर ऑलिंपिक समितीत नाउरूला जागाच नव्हती. ती 1994 मध्ये मिळाली आणि 1996 ला अटलांटाला ते स्वतःच्या झेंड्याखाली उतरले. एवढ्या ताकदीच्या माणसाला परक्या देशाच्या नावानं ऑलिंपिकला उभं राहावं लागलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

स्पर्धा सुरू झाली. आपला सुधीर कुमार चित्रदुर्ग यात होता, त्यामुळं सभागृहात नुसता ‘इंडिया, इंडिया’ घोष. त्याच्या प्रत्येक लिफ्टला माझे हात मांडीखाली दाबून धरलेले. कांस्य आलं. बाजूचा लोडर पंजाबचा होता, त्यानं माझा गुडघा नेमका दुखऱ्या जागी दाबला. मला कळ आली, पण मी गप्प. रौप्य ऑस्ट्रेलियाच्या बेन टर्नरला. आणि सुवर्ण नाउरूच्या युकियो पीटरला.

त्याची लिफ्ट मी चार पावलांवरून पाहिली. तीन लाल प्लेटा बारवर चढल्या की बारची टोकं किंचित लवतात. आधी बार छातीवर येतो, माणूस खाली बसलेला, मग तो उठतो, तेव्हा प्लेटा खणखणतात. मग एक श्वास. सभागृह भरलेलं असलं तरी तो श्वास आम्हाला ऐकू येतो. मग जर्क, म्हणजे एका झटक्यात बार डोक्यावर, आणि हात सरळ. लिफ्ट मान्य झाल्याचे पंचांचे तीन पांढरे दिवे लागेपर्यंत माझाही श्वास अडकलेला होता. आपल्या माणसाचं पदक ठरलेलं होतं, तरी माझ्या घशात आवंढा आला. कुणासाठी, ते नीट सांगता येणार नाही.

पदकं देताना आम्ही कडेला रांगेत उभे होतो. बाजूला ऑस्ट्रेलियाचा आणि आपला झेंडा, मधे सगळ्यांत वर निळा, पिवळ्या रेघेचा. 1968 पर्यंत ज्या देशाचा कारभार नाउरूवर होता, त्या ऑस्ट्रेलियाचा झेंडा एक हात खाली. ते राष्ट्रगीत मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. रेघेखालचा पांढरा तारा मात्र ओळखीचा वाटला. सकाळी मॅटवर पाहिलेला.

सगळे गेल्यावर आम्ही प्लेटा उतरवल्या. बार पुसायचं काम माझ्याकडं होतं. पकडीच्या दोन्ही जागी पांढरी पावडर घट्ट बसलेली. मी फडकं घेऊन थोडा वेळ नुसताच उभा राहिलो, मग पुसून टाकलं.

गावी आलो तेव्हा तालमीतली पोरं भोवती जमली. सुवर्ण कुणाचं, किती उचललं, जेवायला काय होतं, हजार प्रश्न. मी खडू घेतला, फरशीवर आडवी रेघ ओढली, खाली तारा काढला आणि नाउरूची सगळी गोष्ट सांगितली. सातवीतला एक बारका पोरगा बराच वेळ त्या ताऱ्याकडं बघत राहिला.

‘‘सर, आपलं कुरुंदवाड या रेघेच्या वर का खाली?’’

‘‘वर. लई वर.’’

त्यानं मान हलवली आणि बारकडं गेला. मी त्याला दोन्ही बाजूंना एकेक हिरवी लावायला सांगितली.