फ्रीज उचलायला गेलो तो दिवस

अक्कांच्या दुकानातला फ्रीज उचलून आणा, असा निरोप सकाळी साडेनऊला व्हॉट्सॲपवर आला. सोबत तीन फोटो. फोटो काढणारा पोरगा कंपनीचा, नुकताच लागलेला, त्यामुळे त्यानं मन लावून काढले होते. वरच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या, मधल्या फळीवर दुसऱ्या कंपनीचा दहा रुपयांचा कोला, खाली ताकाच्या पिशव्या आणि कोपऱ्यात कोथिंबिरीची जुडी. आमचा माल होता, पण शोधावा लागत होता.

ही गोष्ट एप्रिल २०२५ मधली. मी सोलापुरात कोल्ड्रिंकच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून त्याच पगारावर घर चालतं.

या धंद्याबाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. किराणा दुकानाच्या दारात तो काचेच्या दाराचा, कंपनीची चित्रं लावलेला फ्रीज दिसतो ना, तो दुकानदाराचा नसतो. कंपनी तो वापरायला देते, कागदावर सही घेते. विजेचं बिल दुकानदार भरतो. आणि अट अशी की आत आमचाच माल दिसला पाहिजे. आमच्याकडे याला प्युरिटी म्हणतात. आजीच्या सोवळ्यात तरी थोडीफार सूट असायची, प्युरिटीत नाही. तीनदा समज देऊनही बाहेरचा माल सापडला, तर फ्रीज परत.

अक्कांना तीनदा समज दिली गेली होती. पहिल्या दोन वेळा मीच दिली होती, म्हणजे चहा पिऊन आलो होतो.

दुकान पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांच्या गल्लीत. समोर टॉवेलचे माग, त्यांची खटखट दिवसरात्र. मागच्या आळीत विड्या वळणाऱ्या बायका. अक्का पद्मशाली समाजाच्या, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि उधारीवाल्याशी दोन्ही. त्यांचे यजमान मागावर होते तेव्हा दुकान म्हणजे नुसती टपरी होती. तिथं माल टाकायला मी २००३ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा गेलो.

त्या वर्षी २०० मिलीची काचेची बाटली ५ रुपयांना झाली होती. टीव्हीवर जाहिराती, आणि आम्ही तीनचाकीत २४ बाटल्यांची कॅरेटं लादून गल्लोगल्ली. भरली द्यायची, खाली म्हणजे रिकामी परत घ्यायची. एक खाली कमी आली की वाद. काचेच्या बाटलीचा एक गुण तेव्हा मला कळला नव्हता, आता कळतो. ती दुकानापुढे उभं राहूनच प्यावी लागायची, कारण बाटली परत द्यायची असायची. माणूस दहा मिनिटं थांबायचा, गप्पा व्हायच्या, दुसरी घ्यायचा. फारच घाई असली तर दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत ओतून वर स्ट्रॉ खोचून द्यायचा. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेचा कोल्ड्रिंकमधल्या कीटकनाशकांचा अहवाल आला आणि आमचा धंदा झोपला. दुकानदार आम्हालाच विचारायचे, "काय बे, औषध मारून आणलंय का?" मला वाटलं, नोकरी गेली. गेली नाही. पुढच्या एप्रिलला ऊन पडलं आणि लोक परत प्यायला लागले. तेव्हापासून माझा समज झाला की लोक काहीही बोलोत, तहान आपली आहे.

असो. साडेदहाला मी दुकानात पोचलो. छोटा हत्ती टेम्पो आणि दोन हमाल अकराला येणार होते, ते आले अडीचला. त्यामुळे मधले चार तास मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून होतो. बावीस वर्षांत असं कधी बसलो नव्हतो. आमचं काम म्हणजे ऑर्डर घे, स्कीम सांग, पुढचं दुकान. माल विकला जातो तो आम्ही बघत नाही, रिपोर्टात वाचतो.

"फ्रीज न्यायला आलाव ना?" अक्कांनी थेट विचारलं. मी हो म्हणालो. "न्या की. आधी बसा." आणि कोथिंबिरीची जुडी काढून त्यांनी आत नेली, जणू तेवढ्यानं सगळं मिटलं.

मग लाईट गेली.

सोलापूरचा एप्रिल. पारा ४२ च्या पुढे. लाईट गेल्यावर माग थांबले, आणि त्या गल्लीतला आवाज थांबला की कानाला दडा बसल्यासारखं होतं. मागावरची पोरं बाहेर आली. अक्कांनी आमच्या फ्रीजकडे पाहिलंसुद्धा नाही. नातवाला बर्फाच्या लादीसाठी पिटाळलं, थर्माकोलचं खोकं ओढलं, बर्फ फोडून त्यात बाटल्या पुरल्या. कुठल्या, ते मी बघत होतो. पाण्याच्या. दहावाला कोला. इथल्याच एका छोट्या कारखान्यातला जिरा सोडा, तोही दहाचा. वीस रुपयांचं लाल एनर्जी ड्रिंक. आंब्याचे दहाचे पॅक. आमच्या बाटल्यांपैकी फक्त लहानातली लहान. चाळीसवाल्या फ्रीजमध्येच राहिल्या, बंद दाराआड, कोमट होत.

"ह्या नाही टाकल्या?" मी विचारलं.

"चाळीस रुपयाचं कोण घेणार इथं? ते लग्नाला आणि पाव्हण्याला."

खिशात बिलाचा कागद होता. उगाच चाळा म्हणून त्याच्या पाठीवर काड्या मारायला लागलो. तासाभरात पाण्याच्या काड्या सगळ्यांच्या पुढे गेल्या. आमच्या शहरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. घरोघरी २० लिटरचे जार आले, आणि एकदा जारच्या पाण्याची सवय लागली की बाहेर नळाचं पाणी घशाखाली उतरत नाही. आमची पहिली स्पर्धा पाण्याशी आहे, हे आमच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. पाणी आम्हीही विकतो, म्हणून असेल.

मागावरच्या पोरांनी लाल बाटल्या घेतल्या. "रात्रपाळीला हेच लागतंय," एक म्हणाला, "चहानं झोप जात नाही आता." बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यात कॅफिन जास्त आहे, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. मी त्याला ते दाखवलं. त्यानं वाचलं, मान हलवली आणि उरलेली एका दमात संपवली. त्याचा बाप याच मागांवर होता, तो दर दोन तासांनी चहा प्यायचा. म्हणजे हा पोरगा आमच्या कोल्याकडून तिकडे गेला नाही, चहाकडून गेला. कंपनीच्या तक्त्यात असली वळणं दिसत नाहीत.

एक विडीवाली बाई आली, पदरात बांधलेले पैसे सोडून दोन ताकाच्या पिशव्या घेतल्या. तिच्या लेकीनं आंब्याचा पॅक उचलला, आईनं ठेवायला लावला, लेकीनं परत उचलला. शेवटी घेतला. मुलाला शाळेतून घेऊन निघालेल्या एका सरांनी विचारलं, "शुगर फ्री आहे का?" आता काय सांगायचं, हा उसाचा जिल्हा. मळीचा वास आमच्या हिवाळ्याचा वास आहे. आणि इथं माणूस दुकानात येऊन साखर नसलेली बाटली मागतो! पण मागतो खरा. नेहमीच्या कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. हा आकडा आता दुकानातली माणसं मला ऐकवतात, पूर्वी मलाही ठाऊक नव्हता. आमच्याकडे झीरोचा माल आहे, पण या गल्लीत आम्ही तो टाकतच नव्हतो. इथं कोण पिणार, असं मीच ठरवलं होतं.

दुपारी एक आजोबा आले, धोतर, हातात काठी. खोक्यातली कोल्याची बाटली उचलून डोळ्यांजवळ नेली. "कॅम्पा? हे अजून आहे होय?" मी म्हटलं, मधे नव्हतं, आता परत आलंय. १९७७ साली परदेशी कंपनी देश सोडून गेली, तेव्हा तिच्या जागी देशी कोले उभे राहिले. कॅम्पा त्यातलाच, थम्स अप त्याच वर्षीचं. १९९३ मध्ये परदेशी कंपनी परत आली आणि तिनं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकतच घेतले. कॅम्पा हळूहळू दिसेनासा झाला. २०२२ मध्ये रिलायन्सनं तो घेतला आणि २०२३ मध्ये परत बाजारात आणला, २०० मिली १० रुपयांना. आजोबांना यातल्या कशात रस नव्हता. त्यांनी एक घोट घेतला.

"तीच चव आहे का?" मी विचारलं.

"चव कुणाला आठवतीय? गार आहे."

त्या वाक्यावर अक्का हसल्या आणि मला म्हणाल्या, "ऐका. लोक गार मागालेत. नाव नंतर."

बावीस वर्षं मी समजत होतो की मी ब्रँड विकतो. लोक आमच्या नावानं मागायचे, खरं आहे. पण तेव्हा या गल्लीत गार करणारं यंत्र एकच होतं, आणि ते आमचं होतं. त्यात जे होतं ते लोक पीत होते आणि त्यालाच आवड म्हणत होते. आज बर्फाच्या खोक्यात पाच कंपन्या मांडीला मांडी लावून बसल्या, तर हात प्रत्येक वेळी वेगळ्या बाटलीवर पडत होता. मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, ग्राहक बदलला. मला त्या स्टुलावर वाटलं, त्याला पहिल्यांदाच निवडायला मिळालंय.

अर्थात दहा रुपयांच्या बाटलीतही सगळं गोड नाही. लहान प्लास्टिक बाटलीतला गॅस लवकर उडतो. आतल्या द्रवाच्या मानानं बाटलीची भिंत जास्त, आणि प्लास्टिकमधून गॅस हळूहळू झिरपतोच. काचेत तसं होत नाही. त्यात पत्र्याचं गोडाऊन आणि सोलापूरचं ऊन. एक्सपायरीच्या आधीच माल मेलेला निघतो आणि दुकानदार आमच्या डोक्यावर बसतो. आमच्या कंपनीनंही दहाची बाटली काढली आहे, तिचंही हेच. पण गिऱ्हाईक ती बाटली उघडतं, चालता चालता पितं आणि नाल्यात टाकतं. खाली परत द्यायची नाही, उभं राहायचं नाही. दुकानापुढचं ते बाकडं अक्कांनी कधीच काढलं, तिथं आता पाण्याचे जार असतात.

दीडच्या सुमारास लाईट आली. अक्कांनी गल्ल्याखालून एक वही काढली. फ्रीज आल्यापासूनची विजेची बिलं, महिन्यामहिन्याची, तेलुगू आकड्यांत. "हे दुकानाचं मीटर, घरचा रेट नाही. तुमचा माल गार ठेवायला मी पैसे भरले. मग माझी कोथिंबीर ठेवली तर फोटो काढले!" मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं असतं तर बोललो असतो, बोलणं हाच माझा धंदा आहे.

"नवी कंपनी खोक्यामागे कमिशन जास्त सोडतीय," त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही सोडाल का?" ते माझ्या हातात नव्हतं. तसं सांगितलं.

छोटा हत्ती आला. फ्रीज रिकामा करताना आमच्या चाळीसवाल्या बाटल्या निघाल्या, अकरा. दोन बुडाशी जुन्या, तारीख गेलेल्या. त्या मी बदलून द्यायचं लिहून घेतलं. हमालांनी फ्रीज तिरका केला तेव्हा खालून एक काचेची बाटली घरंगळत आली, २०० मिलीची, आत कोळ्याचं जाळं. अक्कांनी ती उचलली, फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढे धरली. "ही खाली तुमची. डिपॉझिट द्या." मी हसलो. त्या हसत नव्हत्या. शेवटी खिशातून दहाची नोट दिली. ऑफिसात ती कुठल्या खात्यावर टाकणार होतो?

आमची गाडी वळायच्या आत एक पोरगा मोटारसायकलवरून उतरला. गळ्यात दुसऱ्या कंपनीचं ओळखपत्र, हातात टेप. फ्रीजच्या जागेचं माप घेत होता. त्याच्याकडच्या कागदावरही सहीची जागा असणार आणि खाली बारीक अक्षरात प्युरिटी असणारच. आरशातून पाहिलं तर अक्का त्याला बसायला स्टूल देत होत्या. माझंच.

त्या वर्षीचा सीझन पुढे पावसानं खाल्ला. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि गोडाऊनमध्ये माल थप्प्या लावून पडला. सप्टेंबरमध्ये जीएसटी बदलला. आमच्या कोल्यावर आधी २८ टक्के आणि वर १२ टक्के सेस होता, आता सरळ ४०. बाटलीबंद पाणी १८ वरून ५ वर आलं, आंब्याचं पेय १२ वरून ५ वर. आम्हाला पानमसाल्याच्या पंगतीत बसवलं आणि पाण्याला पाट दिला, असं आमचे मालक म्हणाले. त्या दुपारी माझ्या कागदावरही काड्यांनी हेच सांगितलं होतं, सरकारच्या आधी पाच महिने.

दुसऱ्या कंपनीचा फ्रीज अक्कांनी घेतला नाही. बचत गटातून कर्ज काढून स्वतःचा घेतला, जुना, दार थोडं वाजणारा, कुठल्याही कंपनीचं चित्र नसलेला. हे मला त्यांच्या फोनवरूनच कळलं. दिवाळीनंतर फोन आला, पहिल्यांदाच त्यांच्याकडून. नाहीतर मीच करायचो.

"तुमचं ते साखर नसलेलं आहे ना, ते आणा. सर रोज विचारतात. आणि दहावाली."

"किती टाकू?"

"एक-एक रांग. त्याच्या वर जागा नाही. रोख देते, पण स्कीम आधी सांगायची. आणि त्या फोटोवाल्या पोराला पाठवू नका."