चोवीस तास चालणारं मशीन: घरचं की भाड्याचं?

सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून सेवा देणारा संगणक, घरी ठेवायचा की क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीकडून इंटरनेटवरून भाड्याने घ्यायचा? आधी विजेचा हिशेब. जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही साधारण ६० वॅट खातो. ६० गुणिले २४ गुणिले ३०, भागिले १०००, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. १० रुपये दर धरला तर ४३० रुपये. तेच काम १० वॅटचा मिनी पीसी ७ युनिटांत उरकतो. म्हणून माळ्यावरचा डबा ‘फुकटात’ सर्व्हर होतो, यावर फारसा विश्वास ठेवू नये.

वीज गेली की खरी गंमत. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर देते. ६० वॅटच्या भाराला प्रत्यक्षात जेमतेम पाऊण तास, आणि दोन-तीन वर्षांनी तेवढाही नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ चालू ठेवा, नाहीतर वीज येऊनही मशीन झोपलेलंच राहतं. घराबाहेरून या मशीनला कनेक्ट होत नसेल तर राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. त्याची सुरुवात १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ यांतली असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरची जोडणी राउटरमधून मशीनकडे वळवण्यावर) डोकं फोडू नका, टेलस्केल लावा, किंवा सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरमार्फत वायरगार्ड; दोन्ही खाजगी जोडणीची सॉफ्टवेअरं.

क्लाउडवर बिल फुगतं ते विसरभोळेपणाने. मशीन ‘स्टॉप’ केलं तरी डिस्कचं भाडं चालूच. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून थेट पोचता येणाऱ्या पत्त्याला) तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याचे ३.६० डॉलर. डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे. महिन्यातून चार तास जीपीयू (ग्राफिक्स आणि एआयच्या जड कामांचा प्रोसेसर) हवा असेल तर मात्र भाड्यानेच घ्या.