तुम्ही विचारलंत म्हणून: डोव्हर की हार्विच?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, मराठी घरांमधून मला हमखास फोन येतात. स्वतःची गाडी घेऊन युरोपात जायचंय, खर्च आटोक्यात ठेवायचाय. मग डोव्हरहून फ्रान्समधल्या कॅलेला जाणारी दिवसाची बोट घ्यावी की हार्विचहून हॉलंडला जाणारी रात्रीची? तिकिटाचे आकडे बघितले तर डोव्हर स्वस्त दिसतं. तरी नेदरलँड्स किंवा उत्तर जर्मनीकडे निघालेल्यांना मी हार्विचच सांगते.

डोव्हर ते कॅले दीड तास. पण कॅलेला उतरल्यावर रॉटरडॅम अजून तीनेकशे किलोमीटर. आम्ही केंब्रिजच्या बाजूला राहतो, त्यामुळे आधी लंडनला वळसा घालून डोव्हर गाठायचं, मग हे अंतर. लहान मुलं आणि वयस्कर आई बरोबर असताना तेवढं एका दमात होत नाही. मग वाटेत हॉटेल आलं, पेट्रोल वाढलं, दोन वेळचं बाहेरचं जेवण आलं. हे सगळं तिकिटात मिळवा आणि मग तुलना करा. हार्विचची बोट रात्री अकराला सुटते आणि सकाळी आठला हुक ऑफ हॉलंड या डच बंदराला लागते. तिथून रॉटरडॅम हाकेच्या अंतरावर.

पुढचा प्रश्न ठरलेला: केबिनचे पैसे वाचवता येतील का? या मार्गावर रात्री केबिन घ्यावीच लागते, आणि मला हा नियम मनापासून पटतो. सकाळी उठून तुम्हाला रस्त्याच्या उजव्या बाजूने, अनोळखी देशात, घरच्या माणसांना घेऊन गाडी चालवायची असते. अर्धवट झोपेत ते करू नये. पैसे वाचवायचे तर खिडकीचे वाचवा. रात्री बाहेर काळोखच असतो. आतल्या बाजूची चौघांची केबिन घ्या. दोन बंक खाली, दोन वर, गरम पाण्याचा शॉवर, स्वच्छ चादरी. शाळांना सुट्टी लागायच्या आधीचा मधला वार मिळाला तर भाडंही उतरतं. बुकिंग करताना गाडीची उंची छपरावरचा बॉक्स धरून सांगा.

अकराची बोट म्हणून साडेदहाला पोचू नका. गाड्या बऱ्याच आधीपासून आत घेतात. घड्याळ तासभर पुढे जात असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवास आठच तासांचा आहे. लवकर चढलात तर बोट बंदरात उभी असतानाच मुलं झोपतात. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी चेक-इनलाच गाडीसाठी लिफ्टजवळ जागा मागते. एरवी गाड्यांच्या डेकवरून अरुंद जिन्याने वर जावं लागतं. चमकत्या जॅकेटमधला माणूस हाताने खुणा करत गाडी पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटवतो. दार पूर्ण उघडत नाही. म्हणून रात्रीची पिशवी, औषधं, चार्जर आधीच मांडीवर घ्या. हँडब्रेक ओढा, गाडीचा अलार्म बंद करा आणि डेकचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. बोट सुटली की तो डेक बंद होतो, मग काही विसरलं तरी सकाळपर्यंत मिळत नाही.

जेवण घरचं न्या, केबिनमध्ये बसून खाता येतं. मात्र ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. 2021 च्या जानेवारीत याच हुकच्या बंदरावर डच अधिकाऱ्यांनी चालकांची हॅम सँडविचं काढून घेतली होती, ती दृश्यं टीव्हीवर गाजली. तेव्हा तूप, चीज, पेढे घरी ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं यांवर आमची रात्र मजेत जाते.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच. त्याचे दिवस मोजताना पोचण्याची तारीख धरा, निघण्याची नव्हे. परतीला उलट: बोट रात्री दहाला सुटते आणि बाहेर पडल्याची नोंद चढण्याआधी हुकलाच होते, त्यामुळे ती रात्र तुमच्या दिवसांत धरली जात नाही. शिवाय घड्याळ एक तास मागे येतं आणि हार्विच साडेसहाला लागतं, म्हणजे झोपही जास्त मिळते.

उत्तरेच्या लीड्स-मँचेस्टरकडच्या मंडळींनी मात्र माझं ऐकून हार्विचपर्यंत येऊ नये. तुमच्यासाठी तिकडच्या हल बंदरातून रॉटरडॅमला रात्रीची बोट आहे, आधी तिचं भाडं बघा.